आपल्या जिल्ह्यातील घरोघरचे आरोग्यशिक्षण

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी आपल्या चिटणीसबाईंची सूचना आली. सूरजागडचा इतिहास म्हटला की १८५८ साली इंग्रजांशी लढून त्याच वर्षी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेले वीर बाबूराव शेडमाके आठवतात. डोंगरावरचा ठाकूरदेव आणि जानेवारीच्या आरंभी भरणारी त्याची जत्रा आठवते. अलीकडे लोखंडाची खाण आठवते. ह्या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मात्र चुलीचा, बाळंतिणीच्या खाटेचा आणि पाण्याच्या हंड्याचा इतिहास लिहायचे ठरविले. ह्या इतिहासात लढाया नाहीत, पण मृत्यू आहेत, आणि ते टाळण्यासाठी आपल्यासारख्याच बायकांनी केलेले कामही आहे. ह्या बाबतीत आपल्या जिल्ह्याने साऱ्या जगाला एक धडा घालून दिला, ही गोष्ट आपल्यापैकी कित्येक भगिनींना ठाऊक नसेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

विदर्भाला स्वच्छतेची शिकवण नवी नव्हे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हाती खराटा घेऊन गावोगाव हिंडले. आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची, असा त्यांचा क्रम १९५६ साली देह ठेवीपर्यंत चालला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा तर आपल्या जुन्या चांदा जिल्ह्याशी निकटचा संबंध. चिमूर ही त्यांची कर्मभूमी. १९५५ साली त्यांची ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. तिच्या एक्केचाळीस अध्यायांत ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य आणि स्त्रियांची उन्नती ह्यांना मानाची जागा आहे. पुढे २००० साली शासनाने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले आणि पुष्कळ गावांचे रस्ते व गटारे बदलली.

ह्या थोर पुरुषांचे ऋण मोठे आहे. तरी एक गोष्ट मला नम्रपणे नोंदवाविशी वाटते. खराटा चावडीपर्यंत आला, अंगणापर्यंत आला. पण माजघराचा उंबरठा ओलांडून जिथे बाळंतीण निजते त्या अंधाऱ्या कोपऱ्यापर्यंत त्याला जाता आले नाही. तिथे पुरुषाला प्रवेश नाही, आणि त्या कोपऱ्यात काय घडते हे बाई चारचौघांत बोलत नाही. म्हणून घरातले दुखणे घरातच राहिले.

घरात शिरण्याचा एक मोठा प्रयत्न सरकारने केला, तो चुलीच्या निमित्ताने. निर्धूर चुलीची कल्पना जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगनचूल आपल्या विदर्भातलीच. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ साली तो राज्यांच्या हवाली होईपर्यंत देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसविल्या गेल्या. आकडा फार मोठा. पण पुढे किती बायकांनी त्या चुलीवर स्वयंपाक केला? कुठे धुराडे काजळीने तुंबले, कुठे मोठे पातेले तोंडावर बसेना, कुठे लाकूड बारीक फोडण्याचे काम वाढले. आणखी एक गोष्ट चूल बसविणाऱ्यांच्या ध्यानी आली नाही. गवताच्या छपरातली कीड आणि टांगून ठेवलेल्या बियाण्यातला भुंगा आपण त्याच धुराने दूर ठेवतो. धूर वाईट हे बाईला कळत होते, कारण डोळे तिचेच चुरचुरत होते. पण धुराचे कामही होते, आणि ते दुसऱ्या कशाने करायचे, हे तिला कोणी विचारले नाही. वस्तू घरात आली, पण शिक्षण आले नाही.

ह्याच काळात महाराष्ट्रात निराळ्या रीतीने काम करणारी काही माणसे निघाली. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून खेड्यातल्या, कित्येकदा निरक्षर अशा बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. आपल्या शेजारी भामरागडच्या रानात, हेमलकसा येथे, बाबा आमटे ह्यांनी १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प उभा केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे कायमचे राहिले. त्यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. रोग्याशी त्याच्या बोलीत बोलता आल्यावाचून औषध घशाखाली उतरत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवसांत उमगले.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. त्यानंतर चार वर्षांनी, १९८६ साली, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य येथे आले आणि ‘सर्च’ ह्या संस्थेचे काम सुरू झाले. राणीताई ह्या चंद्रपूरच्याच. दोघांनी नागपुरास वैद्यकीचे आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. मोठ्या शहरात दवाखाना थाटणे त्यांना अवघड नव्हते. ते इकडे आले, आणि आल्यावर त्यांनी जे केले त्यातच आजच्या लेखाचे सार आहे. त्यांनी शिकविण्यापूर्वी विचारले.

राणीताईंनी वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. आजारी म्हणून आलेल्याच नव्हेत, गावातल्या साऱ्याच बायकांना त्यांनी बोलावले. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक रोग होता. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरात अवघ्या आठ. १९८९ साली हे संशोधन ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यकीय नियतकालिकात आले, तेव्हा जगातले डॉक्टर चकित झाले. आपल्या आया-आज्या चकित झाल्या नसत्या. अंगावरून जाणे, कंबर धरणे, ओटीपोट दुखणे हा बाईच्या जन्माचा भोगच, अशी समजूत असल्यामुळे त्याला कोणी रोग म्हटले नव्हते. कोणी विचारले तेव्हा बायका बोलल्या, हा त्या संशोधनाचा मला वाटणारा मोठा अर्थ.

दवाखाना बांधतानाही तसेच झाले. आदिवासी मंडळी मोठ्या इस्पितळाला का भितात, ह्याची विचारपूस केली. मोठी दगडी इमारत, नातलगांना राहू न देण्याची रीत आणि डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे. आणि पांढऱ्या कपड्यात तर आपण मयत गुंडाळतो! हे ऐकून धानोऱ्याच्या वाटेवर चातगावजवळ शोधग्राम वसविले, त्यात रोग्याबरोबर त्याच्या माणसांना राहता येईल अशी झोपड्यांच्या घडणीची घरे बांधली आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले.

आता बाळांची गोष्ट सांगते. १९८८ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार बालकांपैकी १२१ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. मोठे कारण निमोनियाचे. त्याची खूण म्हणजे बाळाचा वाढलेला श्वास. पण घड्याळ पाहणे आणि साठापर्यंत मोजणे ज्यांना येत नाही त्या सुईणींनी तो ओळखायचा कसा? त्यांच्यासाठी एक साधे श्वासमापक केले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ, शेजारी तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला निमोनिया. तान्ह्यासाठी मण्यांची ओळ निराळी, थोरल्यासाठी निराळी. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईच्या हाती निदान आले. पुस्तकी विद्या तिच्याजवळ नव्हती. पण शंभर बाळंतपणांनी सराव झालेली नजर होती, आणि ती कामी आली.

निमोनियाचे मृत्यू घटले, तरी पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. जन्म बहुतेक घरातच होत. १९९५-९६ ह्या एका वर्षात ३९ गावांतल्या ७६३ नवजात बालकांना घरी जाऊन पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक बालकांना उपचाराची गरज होती असे दिसले; पण डॉक्टरपर्यंत पोहोचलेली शंभरात तीनही नव्हती. बाळाला तालुक्याला नेत नाहीत म्हणून आईबापांना बोल लावणे सोपे. पण ओली बाळंतीण घराबाहेर निघत नाही, पावसाळ्यात नाल्याला पूर, गाडी नाही, पैसा नाही. नेणार कसे आणि कोण? तेव्हा बाळ दवाखान्यात येत नाही तर उपचारच घरात न्यायचे ठरले.

त्यासाठी प्रत्येक गावातली एक बाई निवडली. शिक्षण पाचवी ते दहावी, घर-शेत सांभाळणारी, गावाचा विश्वास असलेली. तिला आरोग्यदूत म्हणू लागले. तिने काय करायचे ते पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. गरोदर बाईच्या घरी आधीपासून जायचे. बाळंतपणाला सुईणीबरोबर हजर राहायचे. बाळ रडले नाही तर श्वास द्यायचा. झोळीच्या काट्याने वजन करायचे. बाळाला लगेच कोरडे करून, टोपडे घालून, उबदार पिशवीत ठेवायचे आणि पहिले चिकाचे दूध पाजायला लावायचे. आमच्याकडे कित्येक घरांत हे पहिले पिवळे दूध पिळून टाकीत आणि तीन दिवस बाळाला दुसरेच काही चाटवीत. जन्मताच गार हवेत आंघोळ घालीत. हे सारे प्रेमानेच होत असे. आरोग्यदूत त्या सासूला हसली नाही, कारण ती तिचीच चुलतसासू किंवा मावशी होती. तिने करून दाखविले, आणि आठवड्याने बाळाचे वजन वाढलेले सासूलाच काट्यावर दाखविले.

मग येई जंतुदोषाची परीक्षा. बाळाचे रडणे क्षीण झाले, दूध ओढणे कमी झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार लागले किंवा तापले, छाती आत ओढली जाऊ लागली, नाळेत पू झाला. ह्यांसारख्या खुणांपैकी दोन एकदम दिसल्या की धोका. आधी दवाखान्यात चला म्हणायचे. घरचे तयार नसतील तर त्यांच्या संमतीने तोंडाने द्यायचे औषध आणि जेंटामायसिनची सुई आरोग्यदूतानेच द्यायची. खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला सुई देणार, ह्याला पुष्कळ विद्वानांचा आक्षेप होता. उत्तर आकड्यांनी दिले. ह्या गावांत पहिल्या महिन्यात दगावणारी बालके हजारी ६२ होती, ती तिसऱ्या वर्षी २५.५ वर आली. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

पुढचा इतिहास देशाचा आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन गावोगाव आशाताई आल्या. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांनी नवजात बाळाच्या घरी भेटी द्याव्यात असे संयुक्तपणे सांगितले. २०११ साली केंद्र सरकारने देशभरच्या आशांसाठी नियमावली काढली. बाळ दवाखान्यात जन्मले तर सहा भेटी, घरी जन्मले तर सात. भगिनींनो, आपल्या दारी आशाताई पिशवीतून वजनकाटा काढते तेव्हा तो केवळ सरकारी कार्यक्रम नसतो. ती रीत आपल्याच जिल्ह्यातल्या ३९ बायकांनी पहिल्याने सिद्ध करून दाखविली. तेव्हा तिला दारात उभी ठेवून ‘नंतर या’ म्हणू नये.

ह्याच काळात आणखी एका गोष्टीने घर सुरक्षित केले, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. दारूच्या विरोधात ह्या जिल्ह्यातल्या बायका आणि ग्रामसभा उभ्या राहिल्या, आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. कायद्याने सगळी दारू गेली नाही, हे आपण डोळ्यांनी पाहतो. मोहाची दारू पूजेत लागते, हाही विचार होताच. पण रात्री मार खाणे हा ‘घरातला मामला’ नव्हे, गावाने बोलावयाची बाब आहे, एवढे त्या चळवळीने कायमचे ठरवून टाकले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर अभ्यासगट चालवून, सर्वांचे एकमत होईपर्यंत बसून निर्णय घेण्याचा पायंडा पाडला. २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते गणले गेले. ज्या बांबूने घर उभे राहते, त्याची राखणही गावाने शिकावयाची, ही तिथली शिकवण.

येथवर यशाच्या गोष्टी सांगितल्या. न सुटलेला प्रश्न कुर्माघराचा. आपल्या माडिया भगिनी पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या ज्या झोपडीत राहतात, तिथे कित्येक ठिकाणी धड दार नाही, दिवा नाही, न्हाणी नाही. सापाचे आणि पावसाचे भय वेगळेच. २०२१ साली धानोरा तालुक्यात तुकुम येथे मुंबईच्या एका संस्थेने पक्के, खाटा व संडास असलेले विसावाघर बांधून दिले. त्यावर दोन मते झाली. एक म्हणते, चांगली जागा दिली तर बाईचा जीव तरी वाचेल. दुसरे म्हणते, घर पक्के केले म्हणजे प्रथाही पक्की होईल. माझे मत विचाराल तर, आज रात्री जी बाई तिथे निजणार आहे तिच्या उशाशी दिवा आणि दाराला कडी आजच हवी. आणि प्रथा राहावी की जावी हे तिने स्वतः बोलावे, तिच्या वतीने आपण नव्हे. पण ती बोलेल अशी बैठक घेणे हे आपले कर्तव्य आहे.

आता आपल्या दाराशी येते. २०२१ पासून सूरजागडच्या खाणीचे काम जोराने चालू झाले. काहींच्या घरी पगार आला, काहींच्या मनाला डोंगराची आणि ठाकूरदेवाची रुखरुख लागली. ह्या विषयावर आपल्या मंडळातही एकमत नाही आणि स्मरणिका त्याची जागा नव्हे. पण घरात झालेला बदल सर्वांना सारखाच दिसतो. रस्त्याकडेच्या घरांत मालगाड्यांची धूळ हंड्यावर बसते. शाळेला जाणाऱ्या पोरांना रस्ता ओलांडताना जपावे लागते. कुडाच्या भिंती जाऊन सिमेंट आले, गवत-कौले जाऊन पत्रा आला. उन्हाळ्यात दुपारी घरात बसवत नाही. पाण्याच्या टाक्या आल्या, जुने टायर आले, आणि त्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात दिवसा चावणारा डेंगीचा डास आला. रात्रीचा हिवतापाचा डास तर पूर्वापार आहेच. तो ओढ्या-नाल्यांतही वाढतो, त्यामुळे नुसते अंगण झाडून जात नाही. त्याला मच्छरदाणीच हवी. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी खाटेवर लावली तर रात्री अंथरुणात शिरणाऱ्या मण्यारीपासूनही बचाव होतो. मच्छरदाणी मासे धरायला नेणाऱ्या घरधन्यांना हे अवश्य सांगावे!

२०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून गॅसही पुष्कळ घरी आला. पण टाकी भरायचे पैसे मोजावे लागतात आणि लाकूड रानात फुकट मिळते, म्हणून चूल पेटतेच. तिला नावे ठेवून ती विझणार नाही. लाकूड चांगले वाळवून घ्यावे, छपराला धूर जाण्यास वाट ठेवावी, तान्हे मूल चुलीपासून दूर निजवावे, आणि बाळंतिणीच्या घरी निदान सव्वा महिना गॅसवर शिजवावे, एवढे तर आजच करता येण्यासारखे आहे.

आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजने होतात, व्याख्यानेही होतात. व्याख्यान झाले की टाळ्या वाजवून आपण घरी जातो. वरच्या इतिहासाकडे पाहून मी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, मंडळाने एक वही घालावी. वस्तीत जन्मलेले प्रत्येक मूल, त्याचे वजन, आणि देव न करो पण झालेला प्रत्येक मृत्यू व त्याचे कारण तीत आशाताईच्या मदतीने लिहावे. गडचिरोलीतले काम मोजण्यापासून सुरू झाले, हे विसरू नये. दुसरी, महिन्यातून एकदा एका घरी बसावे, पाळीपाळीने. तिथले पाणी, चूल, निजण्याची जागा मिळून पाहावी, आणि दोष काढण्याआधी घरच्या बाईला विचारावे की तुझी अडचण काय. हंड्याला झाकण आणि दांड्याचे ओगराळे एवढ्याने बैठकीचा आरंभ होऊ शकेल. तिसरी, ह्या बैठकी मराठीइतक्याच माडियातही चालाव्यात. आपल्यातल्या ज्या भगिनी नोकरीनिमित्त बाहेरून आल्या आहेत, त्यांनी आधी ऐकायला बसावे. बोलण्याचा मान येथल्या बायकांचा.

त्या ३९ बायकांची नावे कोणत्या चौकाला दिलेली नाहीत. त्यांनी वाचविलेली बाळे आज तिशीच्या आसपास असतील, कुठे शेतात, कुठे नोकरीवर, कुठे स्वतः आई-बाप होऊन. पुढच्या वर्धापनदिनाला ह्या स्मरणिकेत आपल्या वहीतले वर्षभराचे आकडे छापले जावेत, मग ते भले असोत वा बुरे, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.